इतिहासाबाहेरचा खेकडा

नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवर बांध आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३ च्या सुमारास तो उभा राहिला, हे इतिहास सांगतो. त्या बांधाचे दगड वाहणारी माणसे काय खात होती, हे मात्र तो सांगत नाही.

धाराशिव जिल्ह्याला समुद्र नाही. कोकणातल्या चिंबोऱ्या, तिसऱ्या इथल्या ताटात आल्या नाहीत. आली ती आठवडी बाजारातली सुकट, आणि ओढ्याकाठचा खेकडा. ज्या गावच्या विहिरीत अस्पृश्याला पोहरा सोडता येत नव्हता, त्याच गावच्या ओढ्याच्या खालच्या अंगाला दगड उलथून तो खेकडा धरी. येसकराला भाकरी दारोदार मागावी लागे; खेकडा मागावा लागत नसे. हा फरक लहान नाही.

आणि ही केवळ भुकेची तडजोड नव्हती. तिथे आवडनिवड होती. नांग्या चुलीच्या आरावर भाजून फोडायच्या. बारीक पाय पाट्यावर वाटून, रस गाळून कालवणात घालायचा आणि त्या तिखट रश्शात ज्वारीची भाकरी कुस्करायची. सुकट कांदा-मिरचीवर कोरडी परतली, की भाकरीबरोबर फडक्यात बांधून कामावर नेता येई.

याच जिल्ह्यातील शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) या पुस्तकात मराठवाड्यातील महार-मांगांच्या अन्नाची नोंद केली. पंगतीबाहेर जे शिजले ते लिहून ठेवणे, हेही इतिहासलेखनच आहे. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून घ्या. त्या गेल्या, की हा दस्तऐवजही गेला.