भाडेपट्ट्याच्या जमिनीवरील सदनिका : खरेदी-विक्रीपूर्वी काय तपासावे?

सदनिका विकत घेतली म्हणजे तिच्याखालील जमिनीतील हिस्साही आपला झाला, असे बहुतेक खरेदीदार गृहीत धरतात. भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या असलेल्या इमारतीत मात्र खरेदीदाराच्या हाती येतो तो ठरावीक मुदतीचा आणि ठरावीक अटींवरचा उपभोगाचा हक्क. जमिनीचा मालक तिसराच कोणी असतो. विक्रीच्या बोलणीला तो हजर नसतो, दस्तावर अनेकदा त्याची सहीही नसते. तरीही व्यवहार टिकणार की नाही, हे त्याच्याशी काही दशकांपूर्वी झालेल्या करारावर ठरते. गोव्यात कोमुनिदादच्या किंवा सार्वजनिक संस्थांच्या जमिनींबाबत हा प्रश्न उद्भवतो. नवी मुंबईत सदनिका असलेल्या गोमंतकीय कुटुंबांना तर तो टाळताच येत नाही, कारण तेथील जमीन सिडकोने प्रामुख्याने ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यानेच दिलेली आहे.

मूळ पट्टा पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०५ मध्ये भाडेपट्ट्याची व्याख्या आहे. कलम १०७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीचा पट्टा नोंदणीकृत दस्तानेच करता येतो. त्यामुळे विक्रेत्याकडे केवळ वाटपपत्र किंवा साध्या कागदावरील करार असेल, तर तेथेच थांबून मूळ नोंदणीकृत पट्ट्याची प्रमाणित प्रत उपनिबंधक कार्यालयातून मागवावी. सदनिकेचा दस्त कितीही निर्दोष असला, तरी मूळ पट्ट्याने दिलेल्या हक्कापेक्षा अधिक हक्क तो देऊ शकत नाही.

पट्ट्यात सर्वप्रथम मुदत पाहावी. मुदतीचा प्रारंभ दस्ताच्या तारखेपासून, ताबा दिल्याच्या दिवसापासून की अन्य एखाद्या तारखेपासून, हेही पाहावे. १९८५ मध्ये सुरू झालेला ६० वर्षांचा पट्टा २०४५ मध्ये संपतो. २०२५ मध्ये ती सदनिका घेणाऱ्याच्या वाट्याला वीसच वर्षे येतात, आणि त्याने वीस वर्षांचे गृहकर्ज काढले असेल, तर शेवटचा हप्ता आणि पट्ट्याचा शेवट एकाच सुमारास येतो. उरलेली मुदत कर्जाच्या मुदतीहून बरीच अधिक असावी, असा आग्रह बँका धरतात तो यासाठीच. विक्रेत्यानेही हे ध्यानात घ्यावे. मुदत जसजशी सरते तसतसा कर्ज काढून घेणारा ग्राहक दुर्मीळ होतो आणि भाव पडतो.

नूतनीकरणाचे कलम असणे आणि त्याचा उपयोग होणे यांत अंतर असते. ‘परस्पर संमतीने नूतनीकरण करता येईल’ अशा शब्दांनी पट्टेदाराला हक्क मिळत नाही, केवळ विनंती करण्याची मुभा मिळते. ‘पट्टेदाराच्या इच्छेनुसार आणखी इतक्या वर्षांसाठी’ असे शब्द असतील तर गोष्ट वेगळी. त्यातही मुदत संपण्यापूर्वी ठरावीक काळात लेखी सूचना देण्याची अट बहुधा असते, आणि ती सूचना सोसायटीने द्यायची की बांधकाम व्यावसायिकाने, याचा इमारतीत कोणालाच पत्ता नसतो.

मुदत संपल्यावर काय होते? कलम १०८ नुसार पट्टेदाराला स्वतः जमिनीशी जोडलेल्या वस्तू काढून नेता येतात. चौथ्या मजल्यावरील दोन खोल्यांच्या मालकाला या अधिकाराचा उपयोग शून्य.

दुसऱ्याच्या थकबाकीचा फटका

सदनिकाधारकाचे जमीनमालकाशी नाते कोणत्या स्वरूपाचे आहे, हा यानंतरचा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रश्न. कधी पट्टा थेट सोसायटीच्या नावे असतो आणि सदनिकाधारक तिचा सभासद असतो. कधी पट्टा बांधकाम व्यावसायिकाकडेच राहतो आणि तो प्रत्येक सदनिकेचा उप-भाडेपट्टा करून देतो. खरेदीदाराला दोन्हींत फरक जाणवत नाही. किल्ली तीच, देखभाल खर्च तोच. कायद्याच्या दृष्टीने मात्र फरक मोठा आहे. कलम ११५ नुसार मूळ पट्टेदाराने पट्टा स्वखुशीने सोडून दिला, तर उपपट्टेदारांच्या हक्कांना बाध येत नाही. अटींचा भंग झाल्याने पट्टा जप्त झाला, तर मात्र त्याखालील उपपट्टेही संपुष्टात येतात. जमीनमालकाने उपपट्टेदारांना फसवण्यासाठीच जप्ती घडवून आणली असेल किंवा न्यायालयाने कलम ११४ खाली जप्तीपासून दिलासा दिला असेल, एवढेच त्याला अपवाद.

म्हणजे भुईभाडे थकवले व्यावसायिकाने, आणि धोक्यात आली त्यांची घरे ज्यांनी आपली रक्कम कधीच चुकती केली होती. भाडे थकल्यामुळे झालेल्या जप्तीत पट्टेदाराने थकबाकी, व्याज आणि दाव्याचा खर्च भरल्यास किंवा त्यासाठी पुरेसे तारण दिल्यास न्यायालय कलम ११४ खाली दिलासा देऊ शकते. पण त्यासाठी कोणीतरी न्यायालयात उभे राहावे लागते, आणि इमारत विकून झालेल्या व्यावसायिकाला तेवढी आस्था असेलच असे नाही. भुईभाड्याच्या ताज्या पावत्या आणि थकबाकी नसल्याचा जमीनमालकाचा लेखी दाखला मागणे हा म्हणूनच उपचार समजू नये. वार्षिक भुईभाडे बहुधा किरकोळ असते, आणि किरकोळ म्हणूनच ते भरायचे राहून जाते.

संमती, हस्तांतरण शुल्क आणि मुखत्यारपत्र

पट्ट्यात विरुद्ध अट नसेल, तर कलम १०८ नुसार पट्टेदार आपला हक्क दुसऱ्याला हस्तांतरित करू शकतो, गहाण ठेवू शकतो, उप-भाडेपट्ट्यानेही देऊ शकतो. प्रत्यक्षात सार्वजनिक संस्थांच्या पट्ट्यांत विरुद्ध अट हमखास असते. पूर्वसंमतीविना हस्तांतरण करू नये, आणि संमती हवी असल्यास हस्तांतरण शुल्क किंवा वाढीव मूल्यातील हिस्सा भरावा, असे तिचे सर्वसाधारण स्वरूप. हे शुल्क कोणी भरायचे, हे कायदा सांगत नाही; साठेखतात लिहिलेले नसेल तर वाद ठरलेला. पूर्वीच्या प्रत्येक हस्तांतरणाला संमती घेतली होती काय, हेही तपासावे. मधल्या एखाद्या विक्रीची संमती राहून गेली असेल, तर त्या वेळचे शुल्क आणि दंड आजच्या अर्जदाराकडे मागितला जाण्याची शक्यता असते. घर गहाण ठेवून कर्ज काढायचे असल्यास गहाणासाठी स्वतंत्र ना हरकत दाखला लागतो काय, तेही याच वेळी विचारून घ्यावे.

या संमतीची आणि शुल्काची कटकट टाळण्यासाठी एकेकाळी मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र या तीन कागदांवर घरे विकण्याची पद्धत देशभर रूढ झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी दिलेल्या निकालाने अशा कागदांनी मालकी हस्तांतरित होत नाही हे निःसंदिग्धपणे स्पष्ट केले. तरीही अशा सदनिका बाजारात येतात आणि स्वस्त मिळतात. खरेदीदाराने त्या स्वस्ताईचे कारण ओळखावे.

विक्रेत्यावरही जबाबदारी आहे. खरेदीदाराला सहज न दिसणारा, पण विक्रेत्याला ठाऊक असलेला मालमत्तेतील किंवा हक्कातील महत्त्वाचा दोष उघड करणे कलम ५५ खाली त्याचे कर्तव्य आहे. जमीनमालकाची नोटीस आलेली असताना ती कपाटात ठेवून सदनिका विकणे पुढे महागात पडते.

नव्या प्रकल्पातील सदनिका व्यावसायिकाकडून थेट घेताना स्थावर संपदा कायदा, २०१६ चे संरक्षण मिळते. ‘अलॉटी’ या शब्दाच्या त्या कायद्यातील व्याख्येत पूर्ण मालकीने आणि भाडेपट्ट्याने घेणारे दोघेही येतात. नोंदणीकृत करार होण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास व्यावसायिकाला मनाई आहे. जुन्या सदनिकेच्या फेरविक्रीला मात्र हा कायदा लागू होत नाही.

गोव्यातील वेगळेपण

कोमुनिदादची जमीन आफ्रामेंताने दिली जाते. सामान्य भाडेपट्ट्याप्रमाणे त्याला वर्षांची मर्यादा नसते. घेणाऱ्याला जमिनीच्या उपभोगाचा कायमस्वरूपी हक्क मिळतो आणि तो दरसाल ‘फोर’ भरतो. मूळ स्वामित्व कोमुनिदादकडे राहते. (मुंबईच्या फोरास रोडच्या नावातही हाच पोर्तुगीज शब्द लपलेला आहे.) या व्यवहारांचे नियमन १५ एप्रिल १९६१ च्या डिप्लोमा लेजिस्लातिव्ह क्रमांक २०७० ने, म्हणजेच कोमुनिदाद संहितेने होते. जमीन कोणत्या प्रयोजनासाठी दिली होती, हा येथे कळीचा मुद्दा. एका कुटुंबाच्या घरासाठी दिलेल्या भूखंडावर बहुमजली इमारत उभी असेल, तर नगर नियोजन आणि पंचायतीचे परवाने दाखवून भागत नाही. म्हापसा, पणजी किंवा मडगाव येथील संबंधित कोमुनिदाद प्रशासकाच्या कार्यालयातील मूळ फाइल पाहावी लागते.

एक-चौदाच्या उताऱ्यावरील कब्जेदाराचे नाव पाहून समाधान मानणे येथे धोक्याचे. जुन्या भूनोंदणी कार्यालयातील वर्णन क्रमांक आणि त्याखालील नोंदी काढल्या, म्हणजे थेट स्वामित्व कोणाचे आणि उपभोगाचा हक्क कोणाचा, याचा उलगडा होऊ शकतो. त्या नोंदी पोर्तुगीज भाषेत असतात. भाषांतराचा खर्च सदनिकेच्या किमतीच्या मानाने नगण्य असतो.

गोव्यात विवाहपूर्व करार नसेल, तर पती-पत्नीची मालमत्ता सामाईक मानली जाते. भाडेपट्ट्याचा हक्कही तीत येतो. म्हणून दस्त एकाच्या नावे असला, तरी विक्रीखतावर दोघांची सही आवश्यक असते. मूळ धारक निवर्तला असल्यास २०१२ च्या गोवा वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कार्यवाही कायद्यानुसार वारसा-दस्त किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरी पूर्ण झाली आहे काय, हे पाहावे.

वाशी किंवा नेरूळ येथे सदनिका असलेल्या गोमंतकीयांसाठी सर्वोच्च न्यायालयाचा १३ सप्टेंबर २०१९ चा निकाल महत्त्वाचा आहे. जुझे पावलु कुतिन्यु प्रकरणात न्यायालयाने ठरवले, की गोव्याचा अधिवासी असलेल्या व्यक्तीच्या वारशाला, तिची मालमत्ता भारतात कोठेही असली तरी, गोव्यातील पोर्तुगीज नागरी संहिताच लागू होईल. त्या खटल्यातील वादग्रस्त मालमत्ता मुंबईतच होती. यामुळे सोसायटीच्या नामनिर्देशन अर्जात एकाच मुलाचे नाव असले, तरी इतर वारसांचा वाटा संपत नाही. हयात जोडीदाराचा अर्धा भाग तर वारशात येतच नाही. तो आधीपासूनच त्याचा असतो. तेथील सदनिका विकताना गोव्यातील वारसा-दस्त आणि सिडकोची हस्तांतरण परवानगी या दोहोंची गरज पडते, आणि पहिल्याशिवाय दुसरीचा अर्ज रखडतो.

परदेशस्थ विक्रेता आणि कर

विक्रीमूल्य पन्नास लाख रुपये वा अधिक असल्यास खरेदीदाराने विक्रेत्याला द्यावयाच्या रकमेतून एक टक्का कर कापून सरकारजमा करावयाचा असतो. हा नियम निवासी विक्रेत्यापुरता आहे. विक्रेता अनिवासी असेल, तर पन्नास लाखांची मर्यादाच नाही आणि कपातीचा दर बराच अधिक असतो. येथे पासपोर्ट कोणत्या देशाचा यापेक्षा आयकराच्या दृष्टीने तो कोठे निवासी आहे, हे महत्त्वाचे. लंडनहून सही करण्यापुरता आलेल्या विक्रेत्याच्या व्यवहारात कपात चुकली, तर आयकर विभाग खरेदीदाराकडे वसुली करतो.

परकीय नागरिकाला मालकी देता येत नाही, तेव्हा दीर्घ मुदतीचा पट्टा करून द्यावा, असाही सल्ला किनारी भागात ऐकू येतो. परकीय चलन व्यवस्थापन कायद्याखाली भारताबाहेर राहणाऱ्या परकीय नागरिकासाठी सवलत आहे ती पाच वर्षांपर्यंतच्या भाडेपट्ट्याला. त्याहून अधिक मुदतीचा पट्टा मालमत्ता संपादनाच्या निर्बंधांखाली येतो. ओसीआय कार्डधारकांना सदनिका घेण्यास मुभा आहे, शेतजमीन घेण्यास नाही.