जैतापूर व भारत–फ्रान्स अणुसहकार्य

जैतापूर व भारत–फ्रान्स अणुसहकार्य : रत्नागिरी जिल्ह्याच्या राजापूर तालुक्यात योजिलेल्या अणुविद्युत् केंद्रासाठी भारत व फ्रान्स यांच्यात २००८ पासून झालेली करारमालिका. वरवर पाहता हा वीजनिर्मितीचा व्यवहार आहे. त्याची मुळे मात्र भारताच्या अण्वस्त्रविषयक धोरणात सापडतात. 

अण्वस्त्राचा वापर करणाऱ्या शत्रूस असह्य हानी सोसावी लागेल, अशी खात्री पटवून त्यास हल्ल्यापासूनच परावृत्त करणे, यास अण्वस्त्रप्रतिरोधन म्हणतात. उत्तर अटलांटिक करार संघटनेतील बहुतेक राष्ट्रांनी स्वतः अण्वस्त्रे न बनविता अमेरिकेच्या हमीवर विसंबणे पसंत केले. फ्रान्सचा या हमीवर पूर्ण भरवसा नव्हता. पॅरिस वाचविण्यासाठी अमेरिका आपली शहरे पणास लावील काय, हा द गॉल यांच्या धोरणामागील प्रश्न होता. फ्रान्सने १९६० मध्ये सहारा वाळवंटात पहिली अणुचाचणी केली आणि १९६६ मध्ये संघटनेच्या एकत्रित लष्करी यंत्रणेतून अंग काढून घेतले (ते त्या यंत्रणेत २००९ मध्ये परतले). कोणत्याही लष्करी गटात सामील न झालेल्या भारताची भूमिका पॅरिसला इतरांपेक्षा लवकर उमगली, याचे कारण बहुधा या इतिहासात असावे.

भारताने १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे चाचणी केल्यावर अणुपुरवठादार राष्ट्रांचा गट स्थापन झाला. त्याची झळ महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही लागली. तारापूरच्या अणुभट्ट्या १९६३ च्या करारान्वये अमेरिकी इंधनावर चालत. अमेरिकेने १९७८ मध्ये केलेल्या कायद्यामुळे हा पुरवठा अडला आणि १९८२ च्या समझोत्यानुसार फ्रान्सने त्याची जबाबदारी उचलली. मे १९९८ मधील चाचण्यांनंतर अमेरिका, जपान आदी देशांनी निर्बंध लादले. फ्रान्सने ते टाळले व त्याच वर्षी भारताशी सामरिक संवाद सुरू केला. भारताने ४ जानेवारी २००३ रोजी आपला अण्वस्त्र-सिद्धांत जाहीर केला. विश्वासार्ह किमान प्रतिरोधन व प्रथम वापर न करणे ही त्याची मुख्य सूत्रे होत.

अण्वस्त्रे न सोडता जागतिक अणुव्यापारात शिरण्याची वाट १८ जुलै २००५ च्या भारत–अमेरिका संयुक्त निवेदनाने खुली झाली. भारताने नागरी व लष्करी अणुकार्यक्रम वेगळे करून २२ पैकी १४ विक्रियक आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली आणण्याचे मान्य केले. उरलेले आठ तिच्याबाहेर राहिले. डाव्या पक्षांनी पाठिंबा काढून घेतल्याने केंद्र सरकारला २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासमत घ्यावे लागले. अखेर ६ सप्टेंबर २००८ रोजी पुरवठादार गटाने भारतास सूट दिली. प्रसारबंदी करारावर सही न करता ती मिळाली. मात्र चाचण्यांवरील स्वेच्छाबंदीचा पुनरुच्चार भारताला करावा लागला. आयात युरेनियममुळे देशी युरेनियम शस्त्रांसाठी मोकळे होईल, हा टीकाकारांचा आक्षेप निराधार म्हणता येत नाही. फ्रान्सने ३० सप्टेंबरला, म्हणजे अमेरिकेच्या दहा दिवस आधी, भारताशी नागरी अणुकरार केला.

या कराराचे सर्वांत मोठे अपेक्षित फळ म्हणजे जैतापूर. प्रत्येकी १,६५० मेगॅवॉटचे सहा फ्रेंच विक्रियक, एकूण ९,९०० मेगॅवॉट, अशी ही मूळ योजना होती. नाव जैतापूरचे असले, तरी जागा खाडीच्या दक्षिणेस माडबनच्या जांभ्याच्या सड्यावर आहे. परकीय व्यापार व दारूगोळा यांची गाठ या परिसराने पूर्वीही पाहिली होती : १६६० मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी ती वखार लुटली.

माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे व वरिलवाडा येथील सुमारे ९३८ हेक्टर जमीन संपादित करण्यात आली. अनेक खातेदारांनी मोबदल्याचे धनादेश नाकारले. केंद्रातून समुद्रात सोडल्या जाणाऱ्या उष्ण पाण्यामुळे मासळी दुरावेल आणि सुरक्षेच्या नावाखाली खाडीचे तोंड आपल्याला बंद होईल, ही साखरी-नाटे येथील मच्छीमारांची भीती होती. आंबा-बागायतदारांच्या शंका निराळ्या होत्या. देखरेख, इंधन व पुनःप्रक्रिया यांविषयीच्या वाटाघाटी दिल्ली, व्हिएन्ना व पॅरिस येथे वर्षानुवर्षे तपशिलाने झाल्या. हे प्रश्न त्या मेजांवर आले नाहीत. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरणविषयक मंजुरी ३५ अटींसह मिळाली आणि ६ डिसेंबरला, फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी भारतात असताना, पहिल्या दोन विक्रियकांसाठी अरेव्हा कंपनीशी चौकट-करार झाला. जपानमधील फुकुशिमा येथील अपघात ११ मार्च २०११ चा. त्यानंतर सुमारे पाच आठवड्यांनी, १८ एप्रिलला, नाटे येथे झालेल्या पोलीस गोळीबारात एक आंदोलक मृत्युमुखी पडला.

पुढे विजेचा दर व २०१० च्या भारतीय कायद्यातील पुरवठादाराचे अपघातविषयक दायित्व या मुद्द्यांवर व्यवहार रेंगाळला. अरेव्हा आर्थिक अडचणीत आल्याने प्रकल्प ईडीएफ या फ्रेंच वीज कंपनीकडे गेला. मार्च २०१८ मध्ये नवा समझोता झाला आणि एप्रिल २०२१ मध्ये ईडीएफने सहा विक्रियकांचा तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव भारताच्या न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनला सादर केला. पुरवठादार गटाच्या सुटीला तोवर बारा वर्षे उलटली होती आणि माडबनच्या सड्यावर एकही विक्रियक उभा नव्हता.