ओट्यावरच्या पॉवर पॉइंटची कुळकथा

ओट्याच्या वर भिंतीवर जाड गोल पिनांचे सॉकेट असते, त्याला वायरमन ‘पॉवर पॉइंट’ म्हणतो. त्याचे मूळ इंग्लंडात. 1934 साली तिथल्या बीएस 546 या मानकाने 2, 5, 15 आणि 30 अँपिअरच्या गोल पिना ठरवल्या. दिव्यासाठीची वीज महाग आणि शेगडी-हीटरसाठीची स्वस्त असे वेगळे दर तेव्हा अनेक ठिकाणी होते, त्यामुळे दोन्हींच्या ताराही वेगळ्या टाकल्या जात. 1947 मध्ये इंग्लंडने चौकोनी पिनांचा फ्यूजवाला प्लग स्वीकारला. आपण गोल पिनच ठेवली. आयएस 1293 या भारतीय मानकात 5 आणि 15 चे आता 6 आणि 16 अँपिअर झाले आहेत. या प्लगची वरची पिन बाकीच्या दोन पिनांपेक्षा लांब आणि जाड असते, कारण लावताना अर्थिंग आधी जुळावे आणि काढताना शेवटी सुटावे. म्हणजे भिंतीमागे चांगले अर्थिंग आहे, हे या वस्तूने जन्मापासूनच गृहीत धरले आहे. जालना जिल्ह्यातल्या हजारो स्वयंपाकघरांचा प्रश्न नेमका या गृहीतात आहे.

घरातल्या वायरिंगचे नियम कोण ठरवतो, ते आधी पाहू. अमेरिकेत विजेची संहिता लागू करायची की नाही आणि कोणत्या फेरफारांसह, हे राज्य किंवा शहर ठरवते. शिकागोसारखे शहर तारा धातूच्या नळीतूनच न्यायला लावते. आपल्याकडे तसे नाही. 1910 चा वीज कायदा ब्रिटिश हिंदुस्थानाचा होता आणि जालना निजामाच्या राज्यात. पण 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्याच वर्षी देशभरासाठी भारतीय विद्युत नियम आले, आणि पुढे 2003 च्या कायद्याखाली केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची 2010 ची सुरक्षा नियमावली आली. 2023 मध्ये तिची जागा नव्या नियमावलीने घेतली. जालना महानगरपालिका, भोकरदन नगरपरिषद किंवा घनसावंगी तालुक्यातली एखादी ग्रामपंचायत, कोणालाच स्वतःचा वेगळा वायरिंग नियम करावा लागत नाही. तरीही स्वयंपाकघरे सारखी नाहीत. सीमा आखली गेली ती गावांच्या वेशीवर नव्हे, मंजूर भारावर. 2010 च्या नियमावलीने घरगुती जोडणीला 30 मिलिअँपिअर गळतीवर वीज तोडणारे उपकरण, म्हणजे आपला आरसीसीबी, सक्तीचे केले. पण ठरावीक किलोवॅटखालच्या लहान जोडण्यांना त्यातून सूट दिली.

ही सूट ज्यांना मिळाली, त्यांच्या घरी वीज कशी आली ते पाहावे. 1988-89 च्या कुटीर ज्योती योजनेने गरिबाच्या घरात एक दिवा दिला. 2017 च्या सौभाग्य योजनेतही एका पॉइंटचे वायरिंग आणि एलईडी दिवा होता. चुलीजवळ सॉकेट लागेल, हा विचार दोन्हींत नव्हता. मग मिक्सर आला, फ्रिज आला, आता इंडक्शन शेगडी येते आणि दिव्याच्याच दीड एमएमच्या (म्हणजे दीड चौरस मिलिमीटर छेदाच्या) तारेवरून फाटा काढला जातो. 6 अँपिअरचे सॉकेट 230 व्होल्टला 1380 वॅट पेलते. 2000 वॅटची शेगडी जवळपास 9 अँपिअर ओढते. तिला अडीच किंवा चार एमएमची स्वतंत्र तार हवी.

कोणी म्हणेल, लहान घरावर नियमांचा बोजा टाकला तर गरिबाची वीज महागेल. फ्यूज किंवा जादा प्रवाहावर पडणारी एमसीबी आहेच की. खर्चाचा मुद्दा खरा आहे, पण फ्यूजचा भरवसा इथे चालत नाही. जालन्याची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, मीठ-कोळसा घातलेला अर्थिंगचा खड्डाही पाणी न घातल्यास कोरडा पडतो आणि त्याचा विरोध वाढतो. तो 20 ओहम झाला तर फ्रिजच्या पत्र्यात वीज उतरल्यावर जमिनीत जाणारा प्रवाह साडेअकरा अँपिअरच्या आसपास राहतो. 16 अँपिअरची एमसीबी तेवढ्याने पडत नाही, आणि पत्रा जिवंत राहतो. माणसाच्या जिवाला पन्नासेक मिलिअँपिअरही घातक ठरू शकतात. आरसीसीबीला मात्र 0.03 अँपिअरची गळती पुरते, अर्थिंग कमकुवत असले तरी. मंजूर भार एक किलोवॅट असो की दहा, हे गणित बदलत नाही. याच जालन्यात सळईच्या कारखान्यांतल्या इंडक्शन भट्ट्यांची तपासणी विद्युत निरीक्षक करतो, आणि त्याच तत्त्वावर चालणारी शेगडी ज्या घरात आली, तिथे तपासायला कोणी जात नाही. प्रत्येक घरी निरीक्षक जाणे शक्य नाही, हे मान्य. म्हणूनच संरक्षण मीटरच्या पेटीतच बसवलेले हवे.

सरकारने लहान जोडणीची सूट काढून टाकावी आणि मोफत जोडणीच्या साहित्यात दिव्यासोबत आरसीसीबी द्यावा. तोवर ओट्यावर नवा पॉइंट काढताना परवानाधारक वायरमनलाच बोलवा, तार किती एमएमची टाकतो ते विचारा आणि आरसीसीबी बसवल्यावर त्याचे ‘टी’ लिहिलेले चाचणीचे बटण त्याच्यासमोरच दाबून पाहा.