गंडीपेटचे पाणी

हैदराबादेस बदलून आलेल्या मराठी माणसास कोणीतरी हटकून सांगतो, की एकदा गंडीपेटचे पाणी पोटात गेले म्हणजे येथून पाय निघावयाचा नाही. आम्ही परमुलखात नोकरीनिमित्त हिंडणारी मंडळी असली उक्ती हसण्यावारी नेतो. बदलीचा हुकूम काही पाण्याची चव विचारून निघत नाही. परंतु या पाण्याचा इतिहास हसण्यावारी नेण्याजोगा खास नाही. गंडीपेटचा तलाव, म्हणजेच उस्मान सागर, शहराची तहान भागविण्यासाठी बांधला गेला असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः त्याच्या मुळाशी तहानेपेक्षा भीतीच अधिक आहे.

ती भीती २८ सप्टेंबर १९०८ या दिवसाची. अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी मुसी ही एरवी मोठी गरीब नदी. त्या सप्टेंबरात मात्र शहराच्या वरच्या अंगास असलेल्या शमशाबादेस चोवीस तासांत १२.८ इंच आणि अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाऊस कोसळला. पाणलोटाच्या मुलखात लहानमोठे ७८८ तलाव होते. त्यांपैकी २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्यावर, खालच्याचे त्याहून खालच्यावर, असा तो प्रकार. ज्या तलावांनी पिढ्यान्‌पिढ्या शेते भिजविली त्यांनीच पुरास हात दिला. पूल बुडाले, अफझलगंजाच्या बाजूच्या वस्त्या वाहून गेल्या, आणि मृतांची संख्या अंदाजे १५,००० धरली जाते. उस्मानिया रुग्णालयाच्या आवारात एक चिंचेचे झाड आहे. त्याच्या फांद्यांवर चढून सुमारे दीडशे माणसे वाचली, असे सांगतात. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी त्या पाण्यात गेली. घरातले ते एकटे उरले.

सहावे निजाम मीर महबूब अली खान यांच्या सरकारने तेव्हा ज्या गृहस्थांस पाचारण केले, त्यांचे नाव मराठी वाचकांस परके नाही. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे जन्माने म्हैसूरचे, पण विद्येने पुण्याचे. तेथील विज्ञान महाविद्यालयातून उत्तीर्ण होऊन १८८४ मध्ये ते मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात रुजू झाले व पहिली नेमणूक नाशकास झाली. खडकवासल्याच्या धरणावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून, भिंत न वाढविता पाण्याचा साठा वाढविणारे तेच. मुंबईची नोकरी सोडून ते परदेशात हिंडत होते, तोच हैदराबादचे निमंत्रण पोहोचले. १९०९ च्या वसंतात ते आले, ऑक्टोबरात अहवाल सादर केला आणि लागलीच म्हैसूरचे मुख्य अभियंता म्हणून निघून गेले. अवघ्या सहासात महिन्यांचा हा मुक्काम! आमच्यापैकी कित्येकांस तेवढ्या अवधीत सरकारी घरसुद्धा मिळत नाही.

अहवालातील मुख्य विचार साधा होता. शहरात नदीस तट बांधावेत हे खरे. पण पूर अडवावयाचा तर तो शहराच्या वेशीवर नव्हे, पाणलोटातच अडविला पाहिजे. म्हणून मुसीवर एक आणि तिला मिळणाऱ्या ईसीवर एक, असे दोन मोठे जलाशय, दोन्ही संगमाच्या वर. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या कारकीर्दीत ते झाले: मुसीवरचा उस्मान सागर १९२० मध्ये आणि ईसीवरचा, त्यांच्या थोरल्या पुत्राच्या नावाचा हिमायत सागर, १९२७ मध्ये. तलाव शहराहून उंचावर असल्यामुळे पाणी आपल्या उताराने शहराकडे येऊ लागले, पंपाची गरज पडेना. तोवर हुसेन सागर व मीर आलम तलाव यांच्यावर विसंबलेल्या शहरास ही मोठीच सोय झाली.

येथेच एक पेच आहे, आणि आमच्या मते सबंध इतिहास या पेचात सामावला आहे. पुरासाठी बांधलेला तलाव पावसाळ्यात शक्य तितका रिता हवा. पिण्यासाठी बांधलेला तलाव काठोकाठ भरलेला हवा. एकाच भांड्याने दोन्ही कामे करावयाची, तर कोणते काम लोकांच्या डोळ्यांपुढे राहील? तहान रोजची, पूर पिढीतून एखादा. पाहता पाहता लोकांनी उस्मान सागरास नळाचा तलाव मानले. पुणेकरांचा अनुभव नेमका उलटा: १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला गेले आणि धरणानेच शहरावर पूर आणला. हैदराबादवर पुराने धरण आणले. तेथे धरण राहिले, पुराची आठवण मात्र बुजली.

पुढे शहर वाढले. १९६५ मध्ये मांजरेचे, २००४ मध्ये कृष्णेचे आणि २०१५ मध्ये गोदावरीचे पाणी आले; यांतली शेवटची दोन शंभराहून अधिक किलोमीटरांवरून, पंपांच्या बळावर. मांजरा आणि गोदावरी या तर आमच्याच मुलखातून वाहत येतात, हे जाता जाता नमूद करतो. दरम्यान ८ मार्च १९९६ च्या शासकीय आदेशाने दोन्ही तलावांच्या पूर्ण जलपातळीपासून दहा किलोमीटरांच्या आत प्रदूषक कारखाने आणि मोठ्या वसाहती यांना मज्जाव झाला. मग शासनानेच एका तेल कारखान्यास त्यातून सूट दिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २००० मध्ये ती सूट टिकली नाही. परंतु एप्रिल २०२२ मध्ये राज्य शासनाने ती बंधने अटी घालून उठविली. कारण असे दिले, की शहराच्या पाण्यात या दोन तलावांचा वाटा आता सव्वा टक्क्याहूनही कमी आहे.

टिप्पणी लिहिणाऱ्याचा हिशेब चुकला असे आम्ही म्हणत नाही. आकडा आकड्याच्या जागी बरोबर असेल. पण त्याने फक्त नळाचे पाणी मोजले. पिण्याचे पाणी दूरच्या नदीवरून नळाने आणता येते. पूर अडविण्याचे काम दूरच्या नदीस सोपविता येत नाही. पाणलोटात सिमेंट पसरले म्हणजे जे पाणी जमिनीत मुरत होते ते तलावात तासांच्या हिशेबाने येऊ लागते, आणि दरवाजे तेवढ्याच घाईने उघडावे लागतात. ऑक्टोबर २०२० मध्ये हिमायत सागराचे दरवाजे उघडले, तेव्हा खाली मुसीच्या पात्रालगत वसलेल्या वस्त्यांना त्याची चुणूक मिळाली. उस्मान सागराची पूर्ण पातळी १७९० फूट, हिमायत सागराची १७६३.५ फूट, पावसाळ्यात जोराची सर आली, की पातळी कुठवर गेली याची चौकशी आजही होते.