चार ट्रॅक आणि एकटा रेमो

मी चेन्नईच्या वेस्ट मांबलममधून बोलतोय. बीचकडे जाणारी लोकल पकडली की पुढचं स्टेशन कोडंबाक्कम. तिथे ए. आर. रहमाननं घराच्या आवारातल्या स्टुडिओत 1992 चा ‘रोजा’ घडवला. पण त्याच्या आठ वर्षं आधी, गोव्यात शिवोलीला एका माणसानं घरीच अख्खा अल्बम केला होता. रेमो फर्नांडिसचा ‘गोअन क्रेझी’, 1984.

रेमो मुंबईत वास्तुकला शिकला, ‘द सॅव्हेजेस’ या बँडमध्ये वाजवलं, युरोप-आफ्रिका भटकला आणि गावी परतला. बँड सोडून केलेला अल्बम म्हणजे रुसवा, असं आपण समजतो. मला ती जबाबदारी वाटते. कारण बघा, चार ट्रॅकचा कॅसेट रेकॉर्डर, आणि सगळी वाद्यं, सगळे आवाज एकट्याचे. अशा यंत्रावर ट्रॅक संपले, की तीन ट्रॅक एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या तीनांवर पुढचं वाजवायचं. प्रत्येक वेळी खरखर वाढते आणि जुनी चूक आता निघत नाही. बँडमध्ये ताल चुकला तर ड्रमवाला डोळे वटारतो. इथे वटारणारेही आपणच.

अमेरिकेत ब्रूस स्प्रिंगस्टीननं 1982 चा ‘नेब्रास्का’ असाच घरी, चार ट्रॅकवर केला. पण त्याच्यामागे मोठी कंपनी होती. रेमो मात्र स्वतःच्या कॅसेट स्कूटरवर घालून दुकानोदुकानी फिरला. गाणं पडलं तर दोष द्यायला कंपनी नाही, साथीदार नाहीत.

आणि एकटा बसून त्यानं पाहिलं कुठे? आपल्या गोव्याकडे. चेष्टा केली ती घरच्या माणसाच्या हक्कानं. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’मध्ये जुनी कोंकणी गाणी घेतली. म्हणजे आत वळलेला ‘मी’ शेवटी ‘आम्ही’पाशी पोचला.

1995 च्या ‘बॉम्बे’त एकाच चालीचं तमिळ गाणं रहमाननं गायलं आणि हिंदी ‘हम्मा हम्मा’ रेमोनं. घरी बसून संगीत करणारे दोघे त्या चालीवर भेटले.

आज तुमच्या फोनमध्ये चारपेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक आहेत. यंत्राची अडचण संपली. आपल्या गाण्याचं बरंवाईट एकट्यानं अंगावर घ्यायचं, हे मात्र तेव्हाइतकंच अवघड आहे. तुमच्या गावात असं कुणी असेल तर जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात.