पालथं का झोपवलं?

एप्रिल 2021. जालन्यातल्या एका रुग्णालयात मामा व्हेंटिलेटरवर होते. आत जायला मनाई; जे कळायचं ते फोनवरच. मामीचा रोजचा प्रश्न एकच, "ऑक्सिजन किती?" मामा एमआयडीसीतल्या स्टील कंपनीत गॅस कटिंगवर होते, त्यामुळे घरात ऑक्सिजन म्हणजे सिलिंडर, एवढीच ओळख. एका संध्याकाळी सिस्टर म्हणाल्या, "पेशंटला पालथं झोपवलंय." मामी मटकन खाली बसली. व्हेंटिलेटरवर टाकलं म्हणजे माणूस गेला, हे गावाने आधीच ठरवलेलं, त्यात हे.

तेव्हा तिला सांगायला माझ्याकडे काही नव्हतं. वाचलं ते नंतर.

1952 साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ होती. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुलं मरत होती. 27 ऑगस्टला ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने बारा वर्षांच्या एका मुलीच्या श्वासनलिकेत छेदातून नळी बसवली आणि रबरी पिशवी दाबून हवा आत ढकलली. ती जगली. मग सुमारे 1500 वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून पिशव्या दाबत बसले.

पण पोलिओत फुफ्फुस धड असतं. कोविडमध्ये फुफ्फुसच सुजतं, पाण्याने भरतं. अशा 12 रुग्णांचं वर्णन 1967 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅशबॉ यांनी 'लॅन्सेट'मध्ये केलं. 7 दगावले होते. पुढे कितीतरी वर्षं डॉक्टर मोठे श्वास देत राहिले, कारण त्याने रक्तातला ऑक्सिजन चांगला दिसे. 2000 सालच्या अमेरिकी चाचणीत दर किलोला 12 ऐवजी 6 मिलिलिटर हवा दिली. सुरुवातीला ऑक्सिजनचे आकडे मोठ्या श्वासवाल्यांचेच बरे होते. मेलेही तेच जास्त: 39.8 टक्के, छोट्या श्वासवाल्यांत 31. उरलंसुरलं धड फुफ्फुस मोठ्या श्वासाने ताणून फाटत होतं. म्हणजे मामीचा प्रश्न चुकीचा नव्हता, अपुरा होता. बरीच वर्षं डॉक्टरांचाही तोच होता.

पालथं झोपवण्याचा हिशेब 2013 चा, मुख्यतः फ्रान्समधला. उताणं असताना हृदयाच्या भाराखाली दबलेला फुफ्फुसाचा पाठीकडचा भाग पालथं केल्यावर उघडतो. 28 दिवसांतले मृत्यू 32.8 टक्क्यांवरून 16 वर आले. सिस्टरनी सांगितली ती चांगली बातमी होती.

मामा नवव्या दिवशी गेले. ती फाइल मामीने ट्रंकेत ठेवली होती. गेल्या दिवाळीत मी पाहिली. 'दर किलोला' म्हणजे तराजूवरचं वजन नव्हे, उंचीवरून काढलेलं. मामा पाच फूट दोन इंच, वजन नव्वद. उंचीवरून श्वास सुमारे 330 मिलिलिटरचा, तराजूवरून 540 चा. फाइलीत वजन लिहिलेलं आहे. उंचीचा रकाना कोरा आहे.