कडकट्टची परीक्षा

परवा भाचा सावलीला आला होता. त्याच्याकडे हॅम रेडिओचं लायसन्स आहे, पण ‘रिस्ट्रिक्टेड’ श्रेणीचं, म्हणजे मोर्सची परीक्षा न देता मिळालेलं. त्याचे एक ज्येष्ठ हॅम मित्र सारखे टोचतात, “मोर्स येत नाही तो कसला हॅम!”

1978 च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या श्रेणीसाठी मिनिटाला 5 शब्द आणि पहिलीसाठी 12 शब्द कानाने टिपावे लागत. (पाच अक्षरांचा एक शब्द.) अट उगीच नव्हती. संकटातली जहाजं मोर्समध्येच हाक देत, हौशी माणसाला ती कळायला हवी. पण 1999 मध्ये जहाजांवरचं मोर्स गेलं. 2003 साली जिनिव्हाच्या परिषदेने सक्तीचा निर्णय ज्या त्या देशावर सोपवला. अमेरिकेने 2007 मध्ये ती काढूनच टाकली. आपल्याकडे पुढे जनरल श्रेणीला मिनिटाला 8 शब्द ठेवले.

वाद मात्र चालूच. ज्यांनी रात्री जागून कडकट्ट शिकलं, त्यांना वाटतं नव्यांना फुकट मिळालं.

मी मास्तर, मला हे ओळखीचं आहे. 1957 साली दशमान नाणी आली, तरी पुढे कितीतरी वर्षं मी पोरांकडून पावकी-निमकी घोकून घेतली. का? तर मला घोकावी लागली होती! पाऊणकीपायी एका पोराने शाळा सोडली. उन्हाळ्यात तो मोहफुलं विकताना दिसायचा, हिशोबाला एकदम चोख. मला बघून मान खाली घालायचा.

भाच्याला हे सांगितलं. तो जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मामाजी, मी मोर्स शिकतोय. पण त्यांना सांगणार नाही.”